धमनीच्या आतून सोनोग्राफी : मधल्या पट्ट्यातल्या ब्लॉकेजचे मोजमाप

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांतले अरुंदीकरण अँजिओग्राफीच्या अहवालात टक्क्यांनी लिहिलेले असते. आकडा तिसाच्या आसपास असला तर औषधे आणि पथ्य यांवर भागते. तो नव्वदच्या घरात गेला आणि जिना चढताना छाती भरून येत असली, तर स्टेंट की बायपास एवढाच प्रश्न उरतो. खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात होते. धमनीचा व्यास ४० ते ७० टक्क्यांनी कमी झालेला दिसतो, अशा अरुंदीकरणाला हृदयरोगतज्ज्ञ ‘मध्यम’ म्हणतात. त्यातली काही रक्तप्रवाह खरोखर अडवतात, काही दिसायलाच भीतीदायक असतात, आणि चित्रावर दोन्ही सारखीच दिसतात. अशा वेळी धमनीत बारीक सोनोग्राफी यंत्र घालून आतून मोजमाप घेता येते. या पद्धतीचे पूर्ण नाव ‘इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड’. कॅथलॅबमध्ये तिला सगळे ‘आयव्हस’ म्हणतात.

आयव्हसची गरज का पडते हे कळायला आधी अँजिओग्राफीची मर्यादा पाहावी लागते. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून कॅथेटर करोनरीच्या तोंडापर्यंत नेतात, आयोडीनयुक्त डाय सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्रीकरण करतात. १९५८ साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून महाधमनीत सोडायचा डाय अनपेक्षितपणे थेट उजव्या करोनरीत गेला, रुग्ण बचावला, आणि त्या अपघातातून ही तपासणी उभी राहिली. आज ती इतकी रुळली आहे की तिच्यात दिसते ते नेमके काय, याचा विसर पडतो. दिसते ती डायने भरलेल्या पोकळीची सावली. धमनीची भिंत आणि तिच्यात साठलेला चरबीचा थर, म्हणजे प्लाक, सहसा दिसतच नाही. पोकळी गोल असेल तर सावली कोणत्याही कोनातून सारखीच पडते. ती फटीसारखी चपटी झाली असेल तर एका कोनातून रुंद आणि दुसऱ्या कोनातून अरुंद दिसते. फांदी फुटते त्या जागी सावल्या एकमेकींवर चढतात. एकच फिल्म पाहून एक डॉक्टर पन्नास टक्के म्हणतो आणि दुसरा सत्तर, यात कोणाची हलगर्जी असतेच असे नाही.

टक्केवारी ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, आणि इथे तुलना केली जाते ती शेजारच्या ‘निरोगी’ भागाशी. मधुमेही रुग्णाची धमनी बऱ्याचदा टोकापासून टोकापर्यंत थोडीथोडी आजारी असते. मग निरोगी भाग कोणता धरायचा? आजारी भागाची तुलना दुसऱ्या आजारी भागाशी केली की अरुंदीकरण प्रत्यक्षापेक्षा सौम्य वाटते. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत, म्हणजे ‘लेफ्ट मेन’मध्ये, ही अडचण सर्वांत मोठी. ही धमनी मुळातच आखूड असते. कधीकधी तुलनेला एक सेंटीमीटरही चांगला तुकडा मिळत नाही.

त्यात अंकगणिताचाही एक घोळ आहे. अँजिओग्राफीतले टक्के व्यासाचे असतात, आणि रक्त मात्र क्षेत्रफळातून वाहते. व्यास ५० टक्क्यांनी घटला की क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटते. व्यास ७० टक्क्यांनी घटला की क्षेत्रफळ जेमतेम ९ टक्के उरते. ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ असे ऐकून नातेवाईक तीस टक्के रक्त पुढे जात असणार असा हिशेब मांडतात. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो. क्षेत्रफळ त्याहून कितीतरी कमी उरलेले असते, आणि विश्रांतीच्या वेळचा रक्तपुरवठा तरीही बहुधा पुरेसा असतो, कारण पुढच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आपोआप रुंदावून तूट भरून काढतात. तूट जाणवते ती श्रमाच्या वेळी.

पाण्याच्या पाइपात क्षार साचत जावा तसे प्लाक आतल्या बाजूने साचते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. पाइपाची भिंत जागची हलत नाही, धमनीची हलते. शिकागो विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ सीमोर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या १३६ हृदयांमधल्या लेफ्ट मेन धमन्या तपासून १९८७ साली दाखवून दिले की प्लाक वाढू लागले की धमनी बाहेरच्या दिशेने फुगते आणि पोकळी जवळपास होती तेवढीच राहते. धमनीच्या आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे ४० टक्के भाग प्लाकने व्यापेपर्यंत ही तडजोड चालते. त्यानंतरच पोकळी आकसू लागते. म्हणजे अँजिओग्राफीत पहिली खोच दिसते तेव्हा भिंतीतला आजार बराच जुना झालेला असतो. सावली कितीही स्पष्ट असली तरी हा भाग तिच्यात उतरत नाही.

भिंत पाहायची तर ध्वनिलहरी धमनीच्या आतूनच सोडायला हव्यात. रॉटरडॅममध्ये निकोलास बोम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅथेटरच्या टोकावर ३२ सूक्ष्म घटकांचे कडे बसवून हृदयाच्या कप्प्यांचे आतून चित्रण केले होते. ते यंत्र करोनरीत जाण्याइतके बारीक नव्हते. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात पॉल योक यांनी ध्वनिस्रोत फिरता ठेवून कॅथेटर बारीक करण्याची वाट काढली आणि त्या दशकाच्या अखेरीस माणसाच्या करोनरी धमन्यांची आतून घेतलेली चित्रे मिळू लागली.

आजची कॅथेटरे साधारण एक मिलिमीटर जाडीची असतात आणि दोन प्रकारची मिळतात. एकात टोकाजवळचा एकच स्फटिक मिनिटाला १,८०० फेरे घेत गोल फिरतो. त्याच्या लहरींची वारंवारिता बहुधा ४० ते ६० मेगाहर्ट्झ असते. दुसऱ्यात काहीच फिरत नाही. ६४ घटक गोलाकार बसवलेले असतात आणि ते पाळीपाळीने सुमारे २० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतात. छातीवर प्रोब ठेवून करतात त्या नेहमीच्या इकोकार्डिओग्राफीत ही वारंवारिता २ ते ५ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. वारंवारिता वाढली की बारकावा वाढतो आणि पल्ला घटतो. छातीच्या भिंतीतून हृदयापर्यंत पोहोचायला जास्त पल्ला लागतो, म्हणून तिथे कमी वारंवारिता. धमनीच्या आत गेल्यावर भिंत दोन-तीन मिलिमीटरवरच असते, त्यामुळे पल्ल्याची चैन सोडून देता येते. आयव्हसचा बारकावा साधारण १०० ते १५० मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

तपासणी अँजिओग्राफीच्याच टेबलावर, रुग्ण जागा असताना होते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते. करोनरीत नायट्रोग्लिसरिन सोडतात, कारण आकसलेल्या धमनीचे माप घेतले तर ते धमनीचे खरे माप नव्हे. मग केसासारखी बारीक गाइडवायर अरुंद जागेच्या पलीकडे नेतात, तिच्यावरून आयव्हस कॅथेटर पुढे सरकवतात, आणि मोटरच्या साहाय्याने ते ठरावीक वेगाने मागे ओढतात. सेकंदाला अर्धा मिलिमीटर हा रुळलेला वेग. या वेगाने ३० मिलिमीटरचा तुकडा पाहायला एक मिनिट लागते आणि फिरत्या स्फटिकाच्या यंत्रात तेवढ्या वेळात १,८०० आडवे छेद पडद्यावर येऊन जातात. वेग ठरलेला असल्यामुळे आजारी भागाची लांबीही मोजून मिळते.

पडद्यावर करड्या रंगाचे वर्तुळ दिसते. मधोमध कॅथेटरची काळी चकती, तिच्याभोवती वळवळणारे ठिपके. ते वाहते रक्त. ठिपके संपतात तिथे पोकळीची कड येते. पुढे प्लाक असले तर त्याचा जाड थर, त्याच्याबाहेर स्नायुथराचे बारीक काळे कडे, आणि सगळ्यांत बाहेर पुन्हा उजळ आवरण. कॅल्शियम झाले असेल तर पांढरीशुभ्र कमान उमटते आणि तिच्यामागे ध्वनी पोहोचत नसल्यामुळे काळी सावली पडते. चरबीने भरलेले प्लाक काळपट दिसते, तंतुमय प्लाक बाहेरच्या आवरणाइतके उजळ. तंत्रज्ञ माउसने दोन रेषा आखतो : एक पोकळीच्या कडेने, दुसरी काळ्या कड्याच्या बाहेरच्या कडेने. बाकीचे सगळे आकडे या दोन रेषांतून निघतात.

उदाहरणादाखल एक छेद घ्यावा. बाहेरच्या रेषेच्या आतले क्षेत्रफळ १२ चौरस मिलिमीटर आणि पोकळीचे ३.६. उरलेले ८.४ चौरस मिलिमीटर प्लाकने, आणि त्यासोबतच्या पातळ स्नायुथराने, व्यापलेले. म्हणजे प्लाकचा भार ७० टक्के. शेजारच्या बऱ्या भागातली पोकळी ८ चौरस मिलिमीटरची असेल तर तिच्या तुलनेत क्षेत्रफळ ५५ टक्क्यांनी घटले. व्यासाच्या भाषेत बोलायचे तर ३.२ मिलिमीटरचा व्यास २.१ वर आला, म्हणजे ३३ टक्के अरुंदीकरण. जागा एकच, आकडे ३३, ५५ आणि ७०, आणि तिन्ही बरोबर. अँजिओग्राफी पाहणारा पहिलाच आकडा सांगेल आणि त्याला सौम्य म्हणेल. म्हणून आयव्हसच्या अहवालातले ‘सत्तर टक्के’ आणि अँजिओग्राफीच्या अहवालातले ‘सत्तर टक्के’ शेजारी ठेवून घाबरून जाण्यात अर्थ नसतो.

निर्णयासाठी सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे पोकळीचे सर्वांत कमी क्षेत्रफळ. १९९०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासांतून ४ चौरस मिलिमीटर ही सीमा रूढ झाली : त्याहून जास्त असेल तर स्टेंट टाळावा. या नियमाचा उलटा अर्थही मग आपोआप लावला गेला, की कमी असेल तर स्टेंट बसवावा. तो अर्थ त्या अभ्यासांनी दिलेला नव्हता. चारच्या वर माप असलेल्यांत प्रवाहाला अडथळा क्वचितच आढळतो. पण चारच्या खाली माप असलेल्या अनेकांतही तो आढळत नाही. ‘नको’ म्हणायला ही सीमा भरवशाची, ‘हवा’ म्हणायला फारशी नाही.

हे उघड झाले ते दाबाच्या मोजमापामुळे. निको पाइल्स आणि बर्नार्ड दे ब्रुयने यांनी विकसित केलेल्या पद्धतीत दाब मोजणारी बारीक वायर अरुंद जागेच्या पलीकडे नेतात, अडेनोसिन देऊन रक्तप्रवाह कमाल पातळीवर आणतात आणि पलीकडचा दाब महाधमनीतल्या दाबाच्या किती पट आहे ते पाहतात. या गुणोत्तराला ‘एफएफआर’ म्हणतात. अडथळा नसेल तर ते १ येते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात सीमा ०.७५ होती, आता ०.८० किंवा कमी आल्यास अडथळा अर्थपूर्ण मानतात. ‘डिफर’ या चाचणीत ०.७५ किंवा त्याहून जास्त गुणोत्तर असलेल्या ज्या रुग्णांना स्टेंट न बसवता औषधांवर ठेवले, त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटक्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहून कमी राहिले. एफएफआरच्या कसोटीला लावून पाहिल्यावर आयव्हसची सीमा खाली सरकली. कोरियातल्या अभ्यासांत ती २.४ चौरस मिलिमीटरपर्यंत आली, अमेरिका आणि युरोपातल्या ‘फर्स्ट’ या अभ्यासात ३.०७ वर.

अशी वेगवेगळी उत्तरे येण्याचे कारण मोजणीतल्या चुका हे नाही. तीन चौरस मिलिमीटरची पोकळी हृदयाच्या पुढच्या भिंतीला पोसणाऱ्या मोठ्या धमनीच्या सुरुवातीला असेल तर तिच्या पलीकडच्या स्नायूची मागणी प्रचंड असते. तेवढीच पोकळी एखाद्या फांदीत असेल तर ती पुरून उरते. अरुंद भाग पाच मिलिमीटर लांब आहे की तीस, यानेही दाब बदलतो. पूर्वी झटका येऊन पलीकडचा स्नायू मेलेला असेल तर मागणीच कमी झालेली असते. शरीरयष्टीचाही संबंध आहे. लहान चणीच्या स्त्रीची निरोगी धमनीसुद्धा उंच्यापुऱ्या युरोपीय पुरुषाच्या धमनीपेक्षा बारीक असते, त्यामुळे परदेशी सीमा भारतीय रुग्णाला जशीच्या तशी लावली तर नको तिथे स्टेंट बसण्याची शक्यता वाढते.

दोन्ही पद्धती समोरासमोर उभ्या केल्या त्या ‘फ्लेवर’ या चाचणीने. तिचे निष्कर्ष २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. कोरिया आणि चीनमधल्या १८ केंद्रांत ४० ते ७० टक्के अरुंदीकरण असलेले १,६८२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटात एफएफआरने निर्णय, दुसऱ्यात आयव्हसने. आयव्हसची अट अशी : पोकळी ३ चौरस मिलिमीटर किंवा कमी असेल तर स्टेंट, ३ ते ४ च्या दरम्यान असेल तर प्लाकचा भार ७० टक्क्यांहून जास्त असल्यासच. दोन वर्षांनंतर मृत्यू, झटका किंवा पुन्हा उपचाराची गरज, हे सगळे मिळून एफएफआर गटात ८.१ टक्के आणि आयव्हस गटात ८.५ टक्के. फरक नगण्य. मात्र स्टेंटचा उपचार एफएफआर गटात ४४.४ टक्के रुग्णांना लागला आणि आयव्हस गटात ६५.३ टक्के. याचा एक अर्थ असा की आयव्हसवर विसंबल्याने रुग्णाचे नुकसान झाले नाही. दुसरा अर्थ अधिक बोचरा आहे : शंभरांतल्या वीस-एकवीस जणांना जास्तीचा स्टेंट बसला आणि दोन वर्षांत त्याचा फायदा दिसला नाही. स्टेंट बसला की रक्त पातळ ठेवणारी औषधे आली, त्यांच्यासोबत रक्तस्रावाचा धोका आला, आणि खर्चही. लेफ्ट मेन सोडून इतर धमन्यांत ‘स्टेंट लागेल का’ हा प्रश्न आधी दाबाच्या वायरला विचारावा, हे या आकड्यांतून निघणारे सरळ अनुमान.

लेफ्ट मेनमध्ये मात्र पारडे फिरते. या एका धमनीवर डाव्या जवनिकेचा बहुतांश स्नायू अवलंबून असतो, त्यामुळे चुकीच्या निर्णयाची किंमत मोठी. धमनी आखूड असल्याने अँजिओग्राफी फसवते, आणि पुढच्या दोन फांद्यांत अडथळे असतील तर दाबाचे गुणोत्तरही दिशाभूल करू शकते. पलीकडे पोसायचा स्नायू जवळजवळ ठरलेला असल्याने इथे क्षेत्रफळाचा आकडा अधिक विश्वासाने वापरता येतो. स्पेनमधल्या ‘लिट्रो’ या अभ्यासात ६ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी असलेल्यांचा उपचार लांबणीवर टाकला. दोन वर्षांत त्यांच्यातले ९७.७ टक्के हृदयविकाराच्या मृत्यूपासून दूर राहिले. कोरियातल्या अभ्यासांत ही सीमा ४.५ आली. व्यवहारात सहाच्या वर असेल तर निर्धास्त राहावे, साडेचारच्या खाली असेल तर उपचार करावा आणि मधे असेल तर इतर पुरावे पाहावेत, अशी वाट बरेच तज्ज्ञ धरतात. अमेरिकेतल्या हृदयरोगसंस्थांच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनीही लेफ्ट मेनच्या मध्यम अरुंदीकरणात आयव्हस वापरणे योग्य ठरवले आहे.

दाब सांगू शकत नाही अशी एक गोष्ट आयव्हस सांगते : प्लाकचा स्वभाव. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात झटका किंवा तत्सम त्रास होऊन आलेल्या ६९७ रुग्णांच्या तिन्ही धमन्या आयव्हसने पाहिल्या गेल्या. पुढच्या तीन वर्षांत ज्या उपचार न केलेल्या जागांनी घात केला, त्यांचे सुरुवातीचे अरुंदीकरण अँजिओग्राफीत सरासरी ३२ टक्केच होते. प्लाकचा भार ७० टक्के किंवा जास्त, पोकळी ४ चौरस मिलिमीटर किंवा कमी, आणि चरबीच्या गाभ्यावर पातळ आवरण असल्याचा अंदाज, ही तिन्ही लक्षणे एकत्र असलेल्या जागांत धोका सर्वाधिक निघाला. तरीही त्यातल्या पाचांपैकी चारांहून जास्त जागा तीन वर्षे शांतच राहिल्या. अशा घातक वाटणाऱ्या पण प्रवाह न अडवणाऱ्या जागांवर आधीच उपचार करावा का, हे ‘प्रिव्हेंट’ चाचणीने तपासले. २०२४ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत १,६०६ रुग्णांपैकी स्टेंट बसवलेल्यांत दोन वर्षांत ०.४ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्यांत ३.४ टक्के घटना घडल्या. फायदा आहे. पण शंभर रुग्णांत तीन घटना टाळण्यासाठी शंभरांनाही स्टेंट द्यायचा, या हिशेबावर तज्ज्ञांचे एकमत झालेले नाही.

स्टेंट बसवायचे एकदा ठरले, की आयव्हसबद्दलचे बहुतेक वाद मिटतात. कोणत्या व्यासाचा आणि किती लांबीचा स्टेंट हे त्याच मोजमापातून ठरते. कॅल्शियम चारी बाजूंनी असेल तर फुगा फुगवण्याआधी ते फोडावे लागेल हेही आधीच कळते. बसवल्यावर पुन्हा पाहणी करतात. चीनमधल्या ‘अल्टिमेट’ चाचणीत चांगल्या स्टेंटच्या अटी स्पष्ट होत्या : आतली पोकळी ५ चौरस मिलिमीटरहून जास्त किंवा पुढच्या निरोगी भागाच्या ९० टक्के, दोन्ही टोकांलगत प्लाकचा भार ५० टक्क्यांच्या आत, आणि टोकाला स्नायुथरापर्यंत गेलेली लांब चीर नसणे. लेफ्ट मेनच्या दुफाट्यासाठी कोरियन डॉक्टरांनी ५-६-७-८ अशी सोपी ओळ दिली आहे : वळसा घेणाऱ्या फांदीच्या तोंडाशी ५, पुढे उतरणाऱ्या फांदीच्या तोंडाशी ६, संगमावर ७ आणि लेफ्ट मेनमध्ये ८ चौरस मिलिमीटर. गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीत धमनीच्या आतून चित्रण करून काम केल्यास त्या धमनीशी संबंधित अपयश १२.३ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आले, असे २०२३ साली कोरियातल्या १,६३९ रुग्णांच्या चाचणीत दिसले.

तपासणीचे धोके थोडे आहेत. धमनी तात्पुरती आकसणे हा नेहमीचा, आणि नायट्रोग्लिसरिनने तो बहुधा निवळतो. धमनीला इजा क्वचित होते. फार वेडीवाकडी किंवा कॅल्शियमने कडक झालेली धमनी असेल तर कॅथेटर पुढे सरकत नाही. फिरत्या स्फटिकाची तार वळणावर अडखळली की चित्र एका बाजूला ताणले जाते आणि ते माप टाकून द्यावे लागते. फार अरुंद जागेत कॅथेटरच पोकळी भरून टाकते. भारतात स्टेंटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे; आयव्हसच्या कॅथेटरचा खर्च मात्र बिलात वेगळा येतो, म्हणून मध्यम अरुंदीकरणात ही तपासणी कशासाठी सुचवली आहे, निर्णयासाठी की स्टेंटच्या मापासाठी, हे आधी विचारून घेणे बरे.

बारकाव्यात प्रकाशकिरणांवर चालणारी ओसीटी ही तपासणी आयव्हसच्या बरीच पुढे आहे. तिला १० ते २० मायक्रॉनपर्यंतचे दिसते. चरबीवरचे ६५ मायक्रॉनहून पातळ आवरण ती प्रत्यक्ष दाखवू शकते. आयव्हसच्या चित्रात ते निसटते. पण प्रकाश रक्तातून जात नाही, त्यामुळे ओसीटीसाठी डायचा जोर देऊन रक्त क्षणभर बाजूला सारावे लागते. मूत्रपिंडे अशक्त असलेल्या रुग्णात हा जास्तीचा डाय परवडत नाही, आणि लेफ्ट मेनच्या अगदी तोंडाशी रक्त पुरते बाजूला होतच नाही. त्या दोन्ही ठिकाणी आयव्हसच वापरले जाते.